हवेत आधी खबर

खरीफाचे, म्हणजे पावसाळी धुक्याचे, तीन महिने ओमानच्या सलालात काहीच वाळत नाही. समुद्रावरून धुकं येतं, डोंगराला चिकटतं आणि सप्टेंबरपर्यंत हलायचं नाव घेत नाही. माझा उड्डाणाचा गणवेश खुंटीवर ओलाच लटकतो, बुटांना आतून बुरशी धरते. आणि सगळ्या आखातातून लोक गाड्या भरभरून हेच धुकं बघायला येतात, त्यात चटया अंथरून बसतात, कणसं भाजून खातात आणि पोरांना म्हणतात, बघा कसा गारवा आहे! मी सव्वीस वर्षं या गारव्यात लष्कराचं हेलिकॉप्टर चालवतोय. आता मला त्याचा वीट आलाय, हे आधीच सांगून टाकतो.

माझं नाव झहरान. हुद्दा मेजर, गाव इझकी, म्हणजे इथून नऊशे किलोमीटर कोरड्या वाळवंटापलीकडे. तुकडीत माझं काम परीक्षा घेण्याचं. बाहेर काही दिसत नसताना, नुसत्या समोरच्या तबकड्या बघून हेलिकॉप्टर चालवता येतं की नाही, हे दर वर्षी प्रत्येक वैमानिकाला माझ्यासमोर दाखवावं लागतं. पास झाला तर मी कागदावर शिक्का मारतो. तो शिक्का नसेल तर खरीफात डोंगरावर जाता येत नाही. आणि खरीफात जो डोंगरावर जाऊ शकत नाही, तो सलालाच्या तुकडीत काय कामाचा? त्यानं मग कोठारात बसून टायर मोजावेत.

त्या दिवशी सकाळी बखीतची तिसरी परीक्षा होती. दोनदा मी त्याला नापास केला होता. तिसऱ्यांदा नापास झाला तर कोठार ठरलेलं होतं, आणि हे त्याला, मला आणि सगळ्या तुकडीला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र एकट्या मलाच ठाऊक होती. दोन महिन्यांपासून मला चक्कर येत होती. रोज नाही. नमाजात सजद्यातून डोकं वर उचललं की कधीकधी मशिदीची भिंत डावीकडे सरकायची आणि दोन-तीन क्षणांनी जागेवर यायची. एकदा तर शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात टेकावा लागला. त्यानं सलाम करून विचारलं, ठीक ना? मी म्हणालो, अल्लाची कृपा, ठीक. तुकडीच्या डॉक्टर रय्या दर आठवड्याला भेटायच्या, त्यांनाही तेच सांगत होतो. चक्कर येणाऱ्या वैमानिकाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. त्याला मस्कतच्या कचेरीत खुर्ची देतात आणि दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करायला लावतात. मला त्या खुर्चीची भीती वाटत होती. म्हणून आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असा माझा कारभार चालला होता.

बखीत कुठे चुकत होता ते सांगायला हवं. पोरगा हातानं सोन्यासारखा. सत्तावीस वर्षांचा, इथल्याच डोंगरावरचा, उंटांच्या मागे धुक्यात फिरून वाढलेला. त्याच्या हातात हेलिकॉप्टर इतकं स्थिर राहतं की मागे बसलेल्याच्या पेल्यातली कॉफी हलत नाही. पण काही बिघडलं की तो बोलत नसे. पहिल्या परीक्षेत मी गुपचूप माझ्या बाजूचं उंचीमापक फिरवून ठेवलं. दोघांची उंचीमापकं जुळेनात की लगेच मोठ्यानं सांगायचं, हा नियम. त्याची नजर त्या काट्यावर अडकली, ती मी बघितली. मी वाट बघितली. दहा सेकंद, तीस, साठ. शेवटी मीच विचारलं, "काय खबर, बखीत?"

"काही खबर नाही, साहेब. सगळं बरं."

नापास.

दुसऱ्या खेपेला मी दिशा दाखवणारा रेडिओ बंद करून ठेवला. पुन्हा तेच. मनातल्या मनात गणितं करत, दुसऱ्या रेडिओवरून वाट काढत तो अगदी नीट धावपट्टीवर आला, आणि विचारलं तर म्हणाला, सगळं बरं. वाट काढल्याबद्दल मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली होती. तरी नापासच केला.

हा दोष त्याचा एकट्याचा नाही. आमच्यात माणूस दारात आला की आधी सलाम, मग काय खबर, मग काही खबर नाही, सगळं बरं. हे तीनदा तरी व्हायचं. मग खजूर, मग कॉफी, पेला हलवून, म्हणजे आता पुरे म्हणून, परत दिला की मग जे असेल ते. माझे आजोबा वारले तेव्हा त्यांची खबर घेऊन काका इझकीला आले होते. अंगणात बसले. काय खबर? काही नाही, सगळं बरं. सहा खजूर खाल्ले, तीन पेले कॉफी प्यायले, आणि मग बाबांना म्हणाले की आपले वडील काल गेले. बाबांनी त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. दारातूनच वाईट खबर फेकणाऱ्या माणसाला आमच्यात अडाणी समजतात.

मी स्वतः बखीतच्या वयाचा असताना हाच पाहुणचार हवेत केला होता. माझे गुरू हिलाल शेजारी होते, समुद्रावर धुकं होतं, आणि माझं उंचीमापक त्यांच्यापेक्षा दोनशे फूट कमी दाखवत होतं. मला वाटलं, एवढे मोठे वैमानिक, त्यांचंच बरोबर असणार. त्यांनी विचारलं, काय खबर? मी म्हणालो, सगळं बरं. पुढच्या मिनिटाला आमची चाकं लाटेला लागली. नशीब म्हणून वर आलो. उतरल्यावर हिलाल मला रागावले नाहीत, चिखलात थुंकले आणि म्हणाले, "पोरा, जमिनीवर आधी सलाम. हवेत आधी खबर." पुढे वीस वर्षं मी तेच वाक्य शेकडो पोरांना ऐकवलं. ऐकवून ऐकवून माझ्या जिभेवर त्याचा घट्टा पडला.

तर त्या सकाळी मी हेलिकॉप्टरपाशी गेलो तेव्हा बखीत पंख्याची पाती तपासत होता आणि दिलमुराद दारात पाय सोडून बसला होता. दिलमुराद आमचा मागचा माणूस. दोर, स्ट्रेचर, सामान, सगळं तोच बघतो. बलूच आहे, पन्नाशीला आलाय. मला 'वाजा' म्हणतो, त्यांच्यात मालकाला तसं म्हणतात. पण तोंड असं की मालक कोण ते कळू नये.

"वाजा, आज तरी पोराला पास करून टाका," तो म्हणाला. "नाहीतर मला कोठारात रोज ह्याचं तोंड बघावं लागेल. टायर मोजतानासुद्धा हा चुकीचा आकडा सांगणार नाही, नुसता म्हणेल, सगळं बरं."

"तू गप रे," बखीत म्हणाला.

"मी गप? गप बसून तर तू दोनदा आपटलास, बाबा."

बखीत हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, मी सराव केलाय."

"कसला?"

"बोलायचा. महिनाभर घरी आधी खबर सांगतोय. परवा डोंगरावर आईकडे गेलो, दारातूनच म्हणालो, आई, खबर आहे! तिच्या हातातलं दुधाचं भांडं पडलं, ती छाती बडवायला लागली. शेजारच्या चार बायका धावत आल्या. खबर काय, तर काळी उंटीण व्यायली."

दिलमुराद इतका हसला की त्याला खोकला लागला.

"मग आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तुला तिकडे शहरात कुणीतरी नजर लावलीय. मीठ ओवाळलं माझ्यावरून."

मलाही हसू आलं, पण खाली वाकून चाक बघितलं आणि वर आलो तेव्हा हेलिकॉप्टरचं शेपूट हळूच डावीकडे गेलं आणि परत आलं. मी दाराची कड धरून उभा राहिलो. दिलमुरादनं ते पाहिलं. तो दोर गुंडाळायला लागला. मी जाऊन डाव्या खुर्चीत बसलो.

निघालो तेव्हा दोनशे फुटांवरच धावपट्टी नाहीशी झाली. एरवी परीक्षेत वैमानिकाला बाहेरचं दिसू नये म्हणून कपाळावर झापड लावतात. खरीफात त्याची गरज पडत नाही. काचेबाहेर सगळीकडे एकच पांढरट राखाडी, वर तेच, खाली तेच. अशा जागी माणसाचं अंग खोटं बोलतं. कान सांगतो आपण सरळ आहोत, आणि हेलिकॉप्टर कलंडलेलं असतं. कान सांगतो आपण कलंडतोय, आणि तुम्ही सावरायला जाता तेव्हाच खरं कलंडतं. म्हणून अंगाचं ऐकायचं नाही, तबकड्यांचं ऐकायचं. मधलं कृत्रिम क्षितिज, मग उंची, परत क्षितिज, मग दिशा, परत क्षितिज, मग वेग. नजर एकाच जागी रमू द्यायची नाही.

बखीतची नजर मस्त फिरत होती. उजवीकडे वळून समुद्रावर गेलो, साडेतीन हजार फुटांवर धुक्यातून वर निघालो आणि एकदम लख्ख ऊन. खाली कापसाच्या गादीसारखं धुकं, उत्तरेला फक्त डोंगराची वरची धार. त्या उन्हाचं मला पूर्वी फार कौतुक वाटायचं. त्या दिवशी फक्त डोळे दुखले.

मी हात खाली नेला आणि माझं उंचीमापक फिरवलं.

"साहेब, खबर आहे!" बखीत लगेच म्हणाला. "उंचीमापकं जुळत नाहीत. तीनशे फुटांचा फरक. माझं बरोबर आहे, टॉवरनं दिलेला हवेचा दाब मी आत्ताच पडताळलाय. तुमचं तपासा."

पाच सेकंदसुद्धा गेले नव्हते. मागून दिलमुराद कानातल्या यंत्रावर म्हणाला, "माशाल्ला, मुका बोलला."

मग मी रेडिओ बंद केला, त्यानं सांगितलं. क्षितिजाच्या तबकडीवर रबरी झाकण चिकटवलं, त्यानं सांगितलं आणि उरलेल्या तबकड्यांवर हेलिकॉप्टर सरळ धरून ठेवलं. परत धुक्यात उतरलो, पश्चिमेकडून धावपट्टीच्या रेषेत आलो. दोनशे फुटांवर दिवे दिसले नाहीत तर थांबायचं नाही, जोर देऊन वर निघायचं आणि उजवीकडे समुद्रावर वळायचं. डावीकडे डोंगर आहे. दिवे दिसले नाहीत. "दिवे नाहीत, वर चाललो," बखीत म्हणाला आणि वर निघाला. सगळं चोख. मी मनात त्याचा शिक्का मारूनसुद्धा टाकला होता. उरलं होतं एक उतरणं.

अठराशे फुटांवर टॉवरनं नवा रस्ता सांगायला सुरुवात केली. तो लिहून घ्यायला बखीतचे हात मोकळे हवेत, म्हणून मी म्हणालो, "हेलिकॉप्टर माझ्या हातात."

"तुमच्या हातात," तो म्हणाला आणि पॅड मांडीवर घेतलं.

आम्ही धुक्यात होतो, उजवीकडे वळत होतो. माझ्या मांडीवरची पेन्सिल घसरली आणि पायापाशी पडली. वळणात असताना मान खाली घालून झटक्यानं वर उचलायची नाही, हे मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. वीस वर्षं लिहितोय. तरी वाकलो. ती पेन्सिल पायाखाली अडकेल, एवढंच डोक्यात होतं. पेन्सिल उचलली, डोकं वर केलं, आणि सगळं जग डावीकडे उलटलं.

दोन क्षणांनी जागेवर येईल म्हणून थांबलो. आलं नाही. आपण डावीकडे पालथे होतोय, नाक आभाळात चाललंय, असं अंगाच्या कणाकणाला वाटत होतं. मी उजवीकडे दाबलं, नाक खाली दाबलं. समोर क्षितिजाची तबकडी होती. ती मला दिसत होती. तिच्यातली रेघ तिरपी झालेली दिसत होती, आणि मला वाटलं, तबकडी बिघडलीय. हे वाटणं किती जुनं आहे, किती जण या वाटण्यानं मेलेत, हे सगळं मला पाठ आहे. तरी तसंच वाटलं.

"साहेब?" बखीतचा आवाज आला. "सगळं ठीक ना?"

आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "काही खबर नाही. सगळं बरं."

मी ते म्हणालो. माझ्या कानांनी ऐकलं.

मग त्याचं ओरडणं. पहिल्यांदा तो त्याच्या डोंगरी बोलीत ओरडला, ती मला सव्वीस वर्षांतही आली नाही. मग कळेल असं. "खबर आहे! चाळीस अंश उजवीकडे, वेगानं खाली, हजार फूट! हेलिकॉप्टर माझ्या हातात!"

यावर मी 'तुझ्या हातात' म्हणून दांडा सोडायला हवा होता. माझी मूठ घट्ट मिटली होती, उघडेना. त्यानं माझ्या मनगटावर कोपर हाणलं.

"झहरान! हात सोड! सोड हात!"

सोडला. त्यानं आधी सरळ केलं, मग जोर दिला, मग नाक उचललं, ज्या क्रमानं शिकवलं होतं त्याच क्रमानं. उंचीमापकाचा काटा सातशेवर थांबला आणि परत वर चढायला लागला. मला मात्र अजूनही आपण उलटे लोंबकळतोय असंच वाटत होतं. मी डोळे मिटून घेतले आणि पाठ खुर्चीला लावली. मागे दिलमुराद बलुचीत काहीतरी पुटपुटत होता, बहुधा दुआ.

"तबकड्या ठीक?" बखीतनं विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "ठीक. दिशा समुद्राकडे. दोन हजार." पुढचं सगळं तो एकटाच बोलत होता, लहान पोरं पाढे म्हणतात तसा. टॉवरशी बोलला, परत रेषेत आला, अडीचशे फुटांवर दिवे दिसले, उतरला. त्यानं पंखा थांबवला.

मी दाराची कड धरून जमिनीवर उतरलो. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त दमल्यासारखं वाटत होतं. सव्वीस वर्षांचा शीण एकदम पायात उतरावा तसं.

परीक्षेचा कागद भरायच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास असतो. बखीत समोर बसला. माझ्या मनगटावर निळा वळ उठला होता, त्याची नजर तिथेच होती.

"साहेब, माफ करा," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"मी तुम्हाला नावानं हाक मारली. अरेतुरे केलं. माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही."

तिघांचा जीव वाचवलाय आणि ह्याला अरेतुरेची चिंता. "अरे, कोपर मारलंस त्याचं काय?"

"त्याचीही माफी."

तेवढ्यात दिलमुराद दारात आला. त्याच्या हातात माझी पेन्सिल होती. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वाजा, मला टॉवरवाल्यानं विचारलं, मधे एवढे खाली का आलात? मी म्हणालो, मला काय ठाऊक, मी तर मागे झोपलो होतो."

"झोपला होतास?"

"घोरत होतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि निघून गेला.

बखीतनं घसा साफ केला. "साहेब, मीसुद्धा विचार केला. कागदावर माझ्या परीक्षेचं लिहायचं असतं. परीक्षेत सगळं नीट झालं. ते मधलं... ते काही परीक्षेत नव्हतं. कुणी विचारलं तर मी सांगेन, काही खबर नाही, सगळं बरं."

त्यानं थर्मासमधून कॉफी ओतली आणि पेला उजव्या हातानं माझ्यापुढे धरला. खजुराची वाटी सरकवली. किती मायेनं करत होता! तो पेला घेतला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्याला शिक्का, मला माझी हेलिकॉप्टरमधली खुर्ची, दिलमुरादला त्याची झोप. आणि माझ्याकडे सबबही तयार होती. मी खरं लिहिलं तर परीक्षाच रद्द होणार. ज्या परीक्षकाला वर-खाली कळत नव्हतं त्याची सही कोण मानणार? पोराची तिसरी, शेवटची परीक्षा, चोख दिलेली, ती माझ्यामुळे वाया जाणार. त्याच्या भल्यासाठी तरी गप बसावं, असं मी मनात म्हणालोसुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी पेन्सिल उचलली. टोक मोडलं होतं.

पोरगा महिनाभर आईला रडवून जे शिकला, ते तासाभरापूर्वी त्यानं करून दाखवलं होतं. आणि आता जमिनीवर येताच, माझ्या वयाचा मान राखायला, ते मोडून माझ्या पुढ्यात ठेवत होता. आज मी हे घेतलं तर पुढच्या खरीफात दुसरा कुणी म्हातारा शेजारी बसेल, चुकेल, आणि हा तीस सेकंद गप राहील. तीस सेकंद पुरे असतात. दोनदा मी त्याला कागदावर नापास केलं होतं. तिसऱ्यांदा खरोखर केलं असतं.

"पेन दे," मी म्हणालो.

मी लिहिलं: परीक्षार्थी सर्व बाबतीत योग्य. एक हजार आठशे फुटांवर ढगात परीक्षकाचा तोल गेला. विचारल्यावर परीक्षकानं खोटं उत्तर दिलं. परीक्षार्थीनं वेळेत सांगितलं, हेलिकॉप्टर हातात घेतलं आणि तिघांना परत आणलं. परीक्षकाला दोन महिन्यांपासून चक्कर येते. ही परीक्षा दुसऱ्या परीक्षकानं पुन्हा घ्यावी. खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

त्यानं वाचला. दुसऱ्यांदा वाचला. त्याचं तोंड पडलं, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

"दोन महिने, साहेब?"

"दोन महिने."

"आणि मला दोनदा..." तो थांबला.

"बोल. अर्धवट सोडू नकोस."

"मला दोनदा नापास केलंत, बोललो नाही म्हणून." त्याचा आवाज चढला. "आणि तुम्ही स्वतः? आज आम्ही मेलो असतो तर? माझ्या आईनं काय केलं असतं?"

"बरोबर आहे."

"बरोबर काय आहे? आता पुन्हा चौथ्यांदा बसू मी?"

"हो."

तो उठला, खोलीत एक फेरी मारली, खिडकीतून धुक्याकडे बघितलं. मग परत येऊन कागदाखाली परीक्षार्थीची सही असते तिथं सही केली, जोरात, कागद फाटेल अशी. "बसेन," म्हणाला. जाताना त्यानं मला सलाम ठोकला नाही. ते मला आवडलं. (पुढच्या आठवड्यात मस्कतहून एक लठ्ठ, कडक परीक्षक आला आणि बखीतला शिक्का मिळाला. पण त्या दुपारी आम्हाला दोघांना ते ठाऊक नव्हतं.)

कागद कमांडरच्या टेबलावर ठेवला आणि पटांगण ओलांडून दवाखान्याकडे निघालो. चारशे पावलं असतील. धुक्याचे बारीक थेंब चेहऱ्यावर बसत होते. वाटेत दोनदा थांबलो. एकदा चक्कर आली म्हणून, आणि एकदा परत फिरावं असं वाटलं म्हणून.

डॉक्टर रय्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मला बघून त्या उठल्या, कॉफीची किटली उचलली, खजुरांची थाळी पुढे केली, हसल्या.

"या या, अबू अझ्झान! काय खबर?" अझ्झानचा बाप, अशी थोरल्या मुलाच्या नावानं त्या मला हाक मारत.

दारातच उभा राहिलो. जीभ सवयीनं वळायला लागली होती, मी ती दातांखाली धरली.

"खबर आहे," मी म्हणालो.

किटली त्यांच्या हातात तशीच राहिली. हसू गेलं. त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मी म्हणालो, आणि आत येऊन दार लावून घेतलं.